रोजच्या वाटेवरचें एकत्र कुटुंब

पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या वाटेवर, मुठेच्या कांठीं खडकवासला हें गांव आहे. पुणेकरांच्या घरांत ह्या गांवाचें नांव निघत नाहीं असा दिवस विरळा; कारण शहराच्या नळांना येणारें पाणी तेथल्या जलाशयांतून येतें. इंग्रजी अमदानींत, १८७० नंतरच्या दशकांत, येथें दगडी धरण उभें राहिलें. मुंबई इलाख्यांत १९१६ सालीं स्थापन झालेली जलसंशोधनाची सरकारी संस्था पुढें येथेंच स्थिरावली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला १९४९ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें येथें बसली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंहि धरण फोडलें आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरलें. ही हकीकत जुन्या घरांतून अद्याप सांगितली जाते.

परंतु आज आम्हांस लिहावयाचें आहे तें पाण्याच्या ओघाविषयीं नव्हे. त्याच वाटेनें रोज सकाळीं शहराकडे वाहणारा आणि संध्याकाळीं परत फिरणारा जो माणसांचा ओघ आहे, त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. खडकवासला, किरकटवाडी, नांदोशी, नांदेड हीं गांवें २०२१ सालीं पुणें महापालिकेच्या हद्दींत आलीं. पण हद्द येण्यापूर्वींच शहर तेथें येऊन पोंचलें होतें. जेथें पूर्वी शेतें होतीं तेथें आज दहा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत, आणि त्यांत राहणारीं माणसें कामासाठीं कोणी पेठांत, कोणी स्वारगेटकडे, कोणी हिंजवडीस, तर कोणी थेट खराडीस जातात.

ह्या वाटेची मुख्य अडचण तिच्या भूगोलांत आहे. एका अंगास मुठा नदी, दुसऱ्या अंगास टेकड्यांची रांग आणि कालवा; मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांतून सिंहगड रस्ता जातो. खडकवासल्यापासून स्वारगेटपर्यंत सुमारें पंधरा किलोमीटरांचें अंतर; किरकटवाडी फाटा, नांदेड फाटा, धायरी फाटा, वडगांव, माणिकबाग, विठ्ठलवाडी, राजाराम पूल असा हा क्रम पाठ असलेला मनुष्य ह्या बाजूस घरोघरीं सांपडेल. इतर उपनगरांना शहरांत शिरण्यास चार वाटा असतात; ह्या पट्ट्यांतील लोकांना म्हणण्यासारखी ही एकच. २०२४ व २०२५ सालीं ह्या रस्त्यावरील उड्डाणपुलाचे टप्पे खुले झाले, त्यानें कांहीं चौक ओलांडणें सोपें झालें, हें मान्य केलें पाहिजे. पण पूल चौक ओलांडून देतो, रस्त्यावरील गाड्यांची संख्या तो कमी करूं शकत नाहीं.

आणि ह्या गाड्यांत बसलेलें कोण असतें? सकाळीं साडेआठच्या सुमारास धायरी फाट्यावर घटकाभर उभें राहून पाहिलें, तर चार-पांच आसनांच्या मोटारींमागून मोटारी जातांना दिसतात, आणि पुष्कळ मोटारींत एकच मनुष्य. चौघांची जागा घेऊन एकटा निघालेला हा गृहस्थ पुढच्या मोटारीवर रागावलेला असतो. त्या पुढच्या मोटारींतहि तसाच एकटा गृहस्थ बसलेला असतो, आणि तो त्याच्या पुढच्यावर रागावलेला असतो. कदाचित् दोघेहि एकाच इमारतींत राहत असतील, आणि एकाच चौकांत उतरणार असतील. इंग्रजींत ज्याला ‘कारपूल’ म्हणतात, म्हणजे एका वाटेच्या तीन-चार जणांनीं एका मोटारीनें कामावर जाणें, त्याचा विचार ह्या ठिकाणीं सुरू होतो. मोठी गाडी घेऊन आठ-दहा जण गेले तर तिला ‘व्हॅनपूल’ म्हणतात. आम्ही ह्या लेखांत दोहोंस ‘सामाईक गाडी’ म्हणूं.

कल्पना नवी नाहीं

हें कांहीं परदेशांतून आलेलें नवें खूळ आहे असें समजण्याचें कारण नाहीं. स्टेशनावरून पेठांत यावयाचें तर अनोळखी उतारूंनीं एका टांग्याचें भाडें वांटून घ्यावें, हा प्रघात आपल्या आज्या-पणज्यांच्या काळीं सर्वत्र होता. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुणें ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली, तिच्या पासधारकांत पुढें वर्षानुवर्षांच्या ओळखी झाल्या. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ‘वडाप’ हा शब्द ज्यांस ठाऊक नाहीं असा खेडूत मिळणार नाहीं. जीप भरली कीं निघावयाची, प्रत्येकानें आपल्या वाट्याचे पैसे द्यावयाचे, आणि ज्याचें गांव येईल त्यानें उतरावयाचें. मुंबईची शेअर टॅक्सी आणि पुण्याची सहा आसनी रिक्षा हीं ह्याच वंशांतलीं.

पुण्यानें तर ह्या बाबतींत मोठ्या प्रमाणावर धडा घातलेला आहे. पिंपरी-चिंचवडकडे टेल्को, बजाज ऑटो यांसारखे मोठे कारखाने उभे राहिल्यावर त्यांच्या बसगाड्या पहांटेच्या अंधारांत शहराच्या निरनिराळ्या भागांतून कामगारांना घेऊन जाऊं लागल्या. पहिल्या पाळीची बस अमुक कोपऱ्यावर अमुक मिनिटास येते, ह्यावर त्या घरांतला चहा, आंघोळ आणि डबा यांचें वेळापत्रक बसत असे. ती बस चुकली तर दिवस चुकला. बसमध्यें जागा ठरलेल्या, गप्पांचे विषय ठरलेले, निवृत्तीचा निरोपहि पुष्कळदां बसमध्येंच होई. हजारों माणसें ह्या रीतीनें वर्षानुवर्षें कामावर गेलीं. त्यांपैकीं प्रत्येकानें स्वतंत्र मोटार काढली असती, तर त्या काळच्या रस्त्यांचें काय झालें असतें, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

परदेशांतील अनुभव

अमेरिकेंत ह्या प्रथेस जोर चढला तो दुसऱ्या महायुद्धांत. १९४२ सालीं तेथें पेट्रोलवर नियंत्रण आलें, रबराचा तुटवडा पडला, आणि एकट्यानें मोटार हांकणें म्हणजे शत्रूस मदत करणें होय, असा उघड प्रचार सरकारनें भित्तिपत्रकांतून केला. आपल्याकडेहि त्याच युद्धांत पेट्रोलचें रेशनिंग झालें व कोळशाच्या वायूवर मोटारी चालल्या, हें जुन्या लोकांनीं सांगितलेलें पुष्कळांस आठवत असेल. युद्ध संपलें, पेट्रोल मोकळें झालें, आणि शेजाऱ्यास बरोबर घेण्याची निकडहि संपली.

१९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आवळला तेव्हां ती निकड पुन्हा आली. त्याच वर्षीं मिनेसोटा प्रांतांतील ‘थ्री-एम’ ह्या कंपनीनें आपल्या नोकरांसाठीं सहा व्हॅन घेऊन एक प्रयोग केला. त्यांतील युक्ति मोठी साधी होती. व्हॅन चालविणारा बाहेरचा नोकर नव्हे, तर त्याच वाटेवर राहणारा एक सहकारीच. त्यानें गाडी चालवावी, सांभाळावी. मोबदला म्हणून त्याचा स्वतःचा प्रवास फुकट. बाकीच्यांच्या पैशांत गाडीचा खर्च भागावा. चालकास पगार नाहीं, म्हणून खर्च थोडा. आणि चालकासहि कामावर वेळेवर पोंचावयाचेंच आहे, म्हणून गाडी वेळेवर.

सिंगापूर सरकारनें १९७५ सालीं शहराच्या मध्यभागांत सकाळच्या गर्दीच्या वेळीं शिरणाऱ्या मोटारींवर कर बसविला, परंतु चार किंवा अधिक माणसें असलेल्या मोटारीस तो माफ केला. ताबडतोब मोटारवाले बसथांब्यावर उभ्या असलेल्या लोकांना बोलावून घेऊं लागले! वॉशिंग्टन शहराजवळहि असेंच घडलें. ज्या मोटारींत पुरेशीं माणसें आहेत त्यांच्यासाठीं हमरस्त्यावर वेगळी मोकळी पट्टी राखून ठेवली, तेव्हां एकटे मोटारवाले ठराविक ठिकाणीं रांगेंत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना बरोबर घेऊं लागले. पैसे कोणी कोणास द्यावयाचे नाहींत. मोटारवाल्यास पट्टी मिळते, उतारूस प्रवास मिळतो. अर्ध्या शतकाच्या वहिवाटीनें तेथें अलिखित नियमहि ठरले आहेत, आणि त्यांतला एक आम्हांस फार आवडला: मोटारवाल्यानें बोलणें काढल्याखेरीज उतारूनें बोलूं नये.

ह्या कथेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १९८० सालच्या जनगणनेप्रमाणें अमेरिकेंत कामावर जाणाऱ्या पांचांपैकीं जवळजवळ एक मनुष्य सामाईक गाडीनें जात असे. २०१९ पर्यंत हें प्रमाण दहांत एकाहूनहि खालीं आलें. पेट्रोल स्वस्त झालें, घरटीं दोन-दोन मोटारी आल्या, कचेऱ्या चहूंकडे विखुरल्या. तात्पर्य असें कीं, नुसत्या काटकसरीच्या पायावर उभी राहिलेली सोबत काटकसरीची गरज संपतांच मोडते. ती टिकावयाची असेल, तर तिला दुसरा कांहीं आधार पाहिजे. तो आधार कोणता, हाच ह्या लेखाचा खरा विषय आहे.

हिशेब

तत्पूर्वीं काटकसरीचा हिशेब एकदां मांडून टाकूं. सोयीसाठीं जाण्याचें अंतर १६ किलोमीटर धरूं, जाऊन-येऊन ३२. महिन्याचे कामाचे दिवस २२ धरले तर ७०४ किलोमीटर झाले. शहरांतील गर्दींत मोटार लिटरला १६ किलोमीटर जाते असें समजल्यास ४४ लिटर पेट्रोल लागलें. शंभर रुपये दरानें ४,४०० रुपये. चौघे एकत्र गेले तर प्रत्येकाच्या वाट्यास १,१०० रुपये. म्हणजे एका माणसाचे महिन्यास ३,३०० आणि वर्षाचे जवळजवळ ४०,००० रुपये वांचले. ह्यांत टायर, ऑइल, दुरुस्ती आणि कचेरीजवळच्या पार्किंगचे पैसे धरलेले नाहींत.

रस्त्याचा हिशेब याहून बोलका आहे. गर्दींत थांबलेली एक मोटार, पुढची-मागची फट धरून, सहा मीटर रस्ता अडविते असें समजा. चाळीस माणसें चाळीस मोटारींनीं निघालीं तर २४० मीटरांची रांग झाली. तींच दहा मोटारींत बसलीं तर ६० मीटरांची. राहिलेले १८० मीटर कोणत्याहि सरकारानें बांधून दिलेले नाहींत, ते शेजाऱ्यांनीं एकमेकांना दिलेले आहेत. अर्थात् चाळीस माणसें एका बसमध्यें बसलीं तर ती जागा याहूनहि थोडी लागेल. म्हणून बस जेथें वेळेवर मिळते तेथें बसच श्रेष्ठ, हें आम्ही निःसंकोच सांगतों. सामाईक गाडी ही बसची सवत नव्हे. जेथें बस पोंचत नाहीं किंवा दोन-दोन बदलाव्या लागतात, तेथली ती धाकटी बहीण आहे.

गट कशानें मोडतो

एवढा फायदा असून हे गट जुळतात थोडे, आणि मोडतात लवकर. पेट्रोलच्या दरावरून मोडलेला गट आमच्या पाहण्यांत नाहीं. मोडतात ते फार लहान गोष्टींवरून. एक जण रोज सात मिनिटें उशिरां येतो. दुसऱ्यास वाटेंत भाजी घ्यावयाची असते. तिसरा मोबाइलवर मोठ्यानें बोलतो. चौथा गाडी भरधाव हांकतो, आणि इतरांस बोलवत नाहीं. ह्यांपैकीं एकहि गुन्हा नव्हे. पण रोजच्या रोज दीड तास एकाच बंद खोलींत बसणाऱ्या माणसांना तो गुन्ह्याइतकाच बोंचतो.

येथें आमच्या वाचकांना एक गोष्ट सुचल्यावांचून राहणार नाहीं. हें सर्व आपण घरांत पाहिलेलें आहे! एका स्नानगृहावर आठ माणसें, एका चुलीवर चार आवडीनिवडी, एका दिवाणखान्यांत वाचणारा, बोलणारा आणि झोंपणारा; एकत्र कुटुंब चालतें तें केवळ प्रेमानें नव्हे, तर वेळ, वांटणी आणि मर्यादा यांच्या न बोललेल्या करारानें चालतें. सामाईक गाडीस हाच करार लागतो. फरक इतकाच कीं, घरांत तो आजी-आजोबांच्या धाकानें आपोआप पाळला जातो. गाडींत आजी नसते, म्हणून तो आधीं बोलून ठरवावा लागतो.

तो करार कोणत्या कलमांचा असावा, हें अनुभवी मंडळींशीं बोलून आम्हांस जें उमगलें तें देतों.

पहिलें कलम वेळेचें. निघण्याची वेळ आणि थांबण्याची मुदत या दोन्ही गोष्टी ठरल्या पाहिजेत. आठ वाजून दहा मिनिटांनीं निघावयाचें व तीन मिनिटें थांबावयाचें असें ठरलें, तर चौथ्या मिनिटास गाडी निघाली पाहिजे. आणि मागें राहिलेल्यानें राग न धरतां बस पकडली पाहिजे. आमच्या परिचयाच्या किरकटवाडीच्या एका गटानें हा नियम पहिल्याच आठवड्यांत गटाच्या प्रवर्तकावरच चालविला. त्या दिवसापासून कोणासहि थांबावें लागलें नाहीं, असें ते गृहस्थ स्वतःच हंसत सांगतात.

दुसरें कलम वाटेचें. गाडी प्रत्येकाच्या दारांत नेऊं नये. गल्लीबोळांतून फिरण्यांत वांचलेला वेळ सर्व जातो. किरकटवाडी फाटा किंवा नांदेड फाटा असें एक ठिकाण धरावें. तेथें ज्यानें त्यानें पायीं यावें. दहा मिनिटांचें चालणें डॉक्टर तसेंहि सांगतच असतात.

तिसरें कलम हिशेबाचें. चौघांकडे गाड्या असतील तर सर्वांत सुटसुटीत रीत पाळीची: एक आठवडा एकाची गाडी, दुसरा आठवडा दुसऱ्याची. पैसा हातोहात फिरत नाहीं, वाद उरत नाहीं. ज्याच्याकडे गाडी नाहीं त्यानें पेट्रोलचा आपला वाटा द्यावा. तो महिन्याच्या पहिल्या तारखेस, मागण्याची वाट न पाहतां द्यावा. गाडीवाल्यानें त्यांत नफा धरूं नये, आणि दुसऱ्यानें त्यांत उपकार समजूं नये.

चौथें कलम बोलण्याचें आणि मौनाचें. वॉशिंग्टनकरांचा नियम येथें तंतोतंत लागू पडतो असें नव्हे. शेजाऱ्यांनीं एका गाडींत बसून तोंड मिटून जाणें आपल्या स्वभावास मानवणार नाहीं. तथापि सकाळीं कोणी डोळे मिटले तर त्यास मिटूं द्यावेत. कचेरींतल्या वरिष्ठांची निंदा, निवडणूक, आणि घरांतील कुरबुरी हे विषय शक्य तों टाळावेत. गाडींत ऐकलेलें गाडींतच ठेवावें. मोबाइल हळू, गाणें सर्वांच्या संमतीनें.

पांचवें कलम चालकाचें. ज्याच्या हातीं चाक, त्याला घाई लावूं नये. आणि त्यानेंहि इतरांच्या जिवाची जोखीम आपल्या हातीं आहे हें विसरूं नये. वेग फार वाटला तर सांगण्याचा अधिकार सर्वांत धाकट्या उतारूसहि असावा.

सहावें कलम निरोपाचें. नोकरी बदलते, घर बदलतें, कधीं नुसतें पटत नाहीं. महिनाभर आधीं सांगून मोकळ्या मनानें निघून जाण्याची सोय असावी. बाहेर पडण्याचें दार उघडें असलें म्हणजे माणूस आंत निश्चिंत बसतो.

स्त्रियांचा प्रश्न

ह्या विषयाची सर्वांत नाजूक बाजू स्त्रियांच्या सुरक्षिततेची आहे, आणि ती टाळून पुढें जाणें बरें नव्हे. २००७ सालीं पुण्यांत रात्रपाळीस निघालेली एक तरुणी कंपनीसाठीं ठरविलेल्या गाडीच्या चालकाकडूनच मारली गेली. २००९ सालीं खराडीस घरीं परतण्यासाठीं वाहनाची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या तरुणीवर तोच प्रसंग आला. त्या वेळीं शहरांतील प्रत्येक घरांत मुलीसुनांच्या नोकरीविषयीं काळजीचें बोलणें झालें, आणि कांहीं घरांत ‘नोकरीच नको’ इथपर्यंत तें गेलें.

आमच्या मतें ह्या दुःखद घटनांपासून घेण्याचा धडा घरीं बसण्याचा नव्हे, तर ओळखीच्या सोबतीचा आहे. वाटेवर अवचित थांबलेली अनोळखी गाडी आणि ज्यांचीं घरें, नांवें, कुटुंबें परस्परांस ठाऊक आहेत अशा चौघांची रोजची गाडी, ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. गटांत एकाहून अधिक स्त्रिया असाव्यात. कोण कोणत्या गाडीनें निघालें हें दोन्ही घरीं ठाऊक असावें. आणि ठरलेल्या माणसाच्या जागीं ऐनवेळीं परका मनुष्य येणार असेल, तर त्या दिवशीं ती गाडी नाकारण्यास कोणासहि संकोच वाटूं नये. मोबाइलवरील अॅपनें जमविलेल्या गाडींतहि हीच दक्षता घ्यावी. अॅप नांव आणि क्रमांक दाखवितें, शेजार दाखवीत नाहीं.

याहून एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आठ वाजून दहा मिनिटांनीं फाट्यावर उभें राहणें पुरुषास जितकें सोपें, तितकें स्त्रीस नसतें. तिला त्याआधीं डबे भरावयाचे असतात, मुलांना शाळेच्या रिक्षांत बसवावयाचें असतें, सासूबाईंचीं औषधें काढून ठेवावयाचीं असतात. संध्याकाळीं ठराविक गाडीनें परत यावें तर वाटेंतलीं सामान-दुरुस्तीचीं कामें राहतात. म्हणून गटांतून बाहेर पडतात त्या पुष्कळदां स्त्रियाच, आणि लोक म्हणतात, त्यांना वेळेचें भान नाहीं! खरें पाहतां त्यांच्या गळ्यांत एकाच वेळीं दोन घड्याळें बांधलेलीं असतात. सुनेची गाडी चुकूं नये असें घरास वाटत असेल, तर डब्यांपैकीं दोन डबे दुसऱ्या कोणीं भरले पाहिजेत. एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ असतात. ते सकाळीं साडेसातला दिसले पाहिजेत, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

कायद्याची मर्यादा

आतां थोडें कायद्याविषयीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें भाडें घेऊन उतारू नेणाऱ्या वाहनास परवाना लागतो. स्वतःच्या वाटेनें जातांना ओळखीच्या शेजाऱ्यांस बरोबर घेणें, आणि खासगी मोटार भाड्याच्या धंद्यास लावणें, ह्यांत मोठें अंतर आहे. अॅपच्या द्वारें चालणाऱ्या सहप्रवासाविषयीं मात्र सरकारचें धोरण वेळोवेळीं बदललें. २०२० सालच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनीं, राज्यांची हरकत नसल्यास, खासगी मोटारींस त्यांत वाव ठेवला. जानेवारी २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें अशा कामीं खासगी वाहनांच्या वापरास मनाई केली. आणि २०२५ सालीं पुन्हा विचार करून, अटी घालून, तो मार्ग मोकळा करण्याचें धोरण स्वीकारलें. रिक्षा व टॅक्सीवाल्यांचा ह्यास विरोध आहे, तो केवळ आडमुठेपणा म्हणून झटकून टाकतां येणार नाहीं; परवान्याचे व विम्याचे पैसे भरून जो पोट भरतो, त्यास विनापरवाना स्पर्धक नको असणें स्वाभाविक आहे.

गृहस्थानें लक्षांत ठेवावयाची व्यावहारिक गोष्ट विम्याची. खासगी मोटारीच्या विम्यांत भाड्यानें उतारू नेण्याचा वापर साधारणतः वगळलेला असतो. चार पैसे मिळविण्याच्या मोहानें गाडी भाड्यास लावली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करण्याचा संभव असतो. म्हणूनच वर सांगितलेली पाळीची रीत आम्हांस सर्वांत निर्धोक वाटते.

पुढें काय

२०२५ सालच्या अखेरीस केंद्र सरकारनें खराडीपासून हडपसर-स्वारगेटमार्गें खडकवासल्यापर्यंतच्या मेट्रोमार्गास मंजुरी दिली. ती बातमी वाचून ह्या पट्ट्यांतील कुटुंबांस हर्ष झाला असेल, आणि तो रास्त आहे. पण मेट्रो बांधावयास वर्षें लागतात, आणि बांधकामाच्या काळांत आहे तो रस्ताहि अरुंद होतो. शिवाय मेट्रो आली तरी ती स्थानकापर्यंतच. स्थानकापासून नांदोशीच्या घरापर्यंतचा प्रश्न उरतोच. म्हणजे सामाईक गाडीची गरज आज आहे, बांधकामाच्या काळांत वाढणार आहे, आणि नंतर ती लहान होऊन का होईना, पण राहणार आहे.

कोणी म्हणेल, मनुष्य मोटार घेतो ती मोकळेपणासाठीं. ती चौघांत वांटली तर मोकळेपणा कोठें राहिला? हा आक्षेप खोटा नाहीं. ज्यांच्या कामाच्या वेळा रोज बदलतात, ज्यांना दिवसांत दहा ठिकाणीं जावें लागतें, ज्यांच्या घरीं आजारी माणूस आहे, त्यांनीं ह्या फंदांत पडूं नये. पण विठ्ठलवाडीजवळ पाऊण तास खोळंबलेल्या मोटारींत एकट्यानें बसून राहणें ह्यास मोकळेपणा म्हणावयाचें कीं काय, ह्याचाहि ज्यानें त्यानें विचार करावा. पाळीच्या रीतीनें चार आठवड्यांपैकीं तीन आठवडे चाक दुसऱ्याच्या हातीं असतें. त्या वेळीं वाचतां येतें, डोळे मिटतां येतात. आणि घरीं पोंचलेला मनुष्य मुलांवर तितका खेंकसत नाहीं. हा लाभ पेट्रोलच्या हिशेबांत मांडतां येत नाहीं, पण घरांतल्या मंडळींना तो पहिल्या आठवड्यांतच कळतो.

महायुद्ध किंवा तेलटंचाई आली म्हणजे लोक शेजाऱ्यास गाडींत घेतात, आणि संकट टळलें कीं दार लावून घेतात, असें परदेशांत दोनदां घडलें. आपल्याकडे तसें होऊं नये, अशी आमची इच्छा आहे. एकत्र राहण्याचें जें शिक्षण आपल्याला घरांत मिळालें आहे, तें उंबऱ्याबाहेर वापरण्याची ही एक चांगली संधि आहे. येत्या रविवारीं आपल्या इमारतींतील शेजाऱ्यांना तीनच प्रश्न विचारून पाहावेत: आपण कोठें जातां, किती वाजतां निघतां, आणि किती वाजतां परततां? तिन्ही उत्तरें जुळणारें एक घर सांपडलें तरी सोमवारीं रस्त्यावर एक मोटार कमी झाली, असें समजावें.